कोजागिरीच्या आठवड्यात सोलापूर: टॉवेल, कापूस, तूर आणि कांदा

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

परभणीहून सकाळची एसटी धरली. दसरा कालच झाला पण यंदा दसऱ्याचं तेज गावाकडं नव्हतंच, सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस कोसळला त्यात आमची कपाशी उभ्या जागी सडली, खालच्या बोंडांतून कोंब फुटलेले मी परवा स्वतः बघितलेत. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर करत चाललो तर सगळीकडं तेच, भिजलेलं सोयाबीन आणि त्यावर ताडपत्र्या.

सोलापूरला माझा हॉस्टेलचा दोस्त आहे, त्यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, आधीचे २५ आणि रशियाचं तेल घेता म्हणून वरचे २५, तेव्हापासून आमच्या फोनवर दुसरा विषय नाही. गिरण्यांना आधार म्हणून सरकारनं १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी उठवली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणले आणि दहा दिवसांत ३१ डिसेंबर करून टाकली, म्हणजे बरोबर आमचा कापूस बाजारात यायचे दिवस. त्याच्या घरात हायसं वाटलं आणि आमच्या घरात आबा, माझे वडील, दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. ७ ऑगस्टला दिल्लीत स्वामीनाथन परिषदेत पंतप्रधान म्हणले होते की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, मला वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी तयार आहे. आबांनी ते टीव्हीवर ऐकून मान हलवली होती. त्यानंतर १२ दिवसांत ड्युटी गेली. आता मी सांगू काय त्यांना?

"ये एकदा, डोळ्यानं बघ आमच्याकडं काय चाललंय, मग भांड," दोस्त म्हणला, म्हणून निघालो.

तुळजापूर सोडलं की समोरून चालत येणारे भाविक दिसायला लागले. कोजागिरीला कर्नाटकातून माणसं पायी तुळजाभवानीला येतात, वाट सोलापूरवरून. खांद्याला पिशवी, कोणाच्या पायाला कापड बांधलेलं, म्हाताऱ्या बायका, कडेवर लेकरं. ड्रायव्हरनं वेग कमी केला तो सोलापूर येईपर्यंत वाढवला नाही.

रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. दोस्ताचं घर पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचं, घरात तेलुगू चालते, माझ्याशी मराठी, आणि काकांना मध्येच फोन आला तर ते सरळ कन्नडमध्ये सुरू झाले. कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

शनिवार

सकाळी कारखान्यात. लांबूनच खडखडाट ऐकू येईल असं दोस्त म्हणायचा, पण आवाज अर्धाच होता कारण अर्धे माग बंद. बंद मागांवर जुन्या चादरी टाकून ठेवल्यात.

टेरी टॉवेल विणताना मी पहिल्यांदाच जवळून बघितला. त्याला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच लागतात, दोन वेगळे बीम. एक ताणा घट्ट, तो कापडाच्या पायाचा, आणि दुसरा सैल सोडलेला. फणी ठोकताना सैल ताण्याचं सूत पुढं सरकतं आणि त्याचे बारीक फासे दोन्ही बाजूंनी वर उभे राहतात, तेच फासे पाणी शोषतात. मी बोट फिरवलं, इतकं मऊ की त्यामागं एवढं लोखंड आदळतंय हे खरं वाटत नाही. पुढच्या खोलीत एक अक्का मांडी घालून कात्रीनं सुटे धागे कापत होत्या, एका टॉवेलला किती वेळ म्हणलं तर बघता बघता पुढच्या टॉवेलवर हात गेला सुद्धा. बाजूला शिवणीचं मशीन, तिथं 'मेड इन इंडिया'चं लेबल लागतं. लेबलांची रिळं भरलेली होती, टॉवेलचा ढीग मात्र गुडघ्याएवढा.

काका डायरेक्ट एक्स्पोर्ट करत नाहीत, मुंबईच्या एका एक्स्पोर्टरला माल देतात. ते समजावून सांगायला लागले. टॅरिफ भरतो तिकडचा आयातदार, आपल्या खिशातून डायरेक्ट जात नाही, पण आयातदार काय खुळा नाही, तो एक्स्पोर्टरला म्हणतो भाव उतरव, एक्स्पोर्टर काकांना म्हणतो भाव उतरवा, आणि काका कोणाला म्हणणार, तर मागावरच्या माणसाला म्हणतात दुसरी पाळी बंद. २७ ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडं उतरलेला माल जुन्या दरात सुटणार होता, त्यासाठी ऑगस्टमध्ये रात्रंदिवस माग चालवले, आणि नंतर हे असं.

"पन्नास टक्के सगळ्या जगाला लावले असते तर चाललं असतं," काका म्हणले, "पण पाकिस्तानला १९, बांगलादेशला २०, तुर्कस्तानला १५. टॉवेलमध्ये आपल्यासमोर पाकिस्तान आणि तुर्कस्तानच उभे असतात की. एकदा गिऱ्हाईक तिकडं गेलं की परत येतंय का?"

जेवताना कापसाचा विषय मीच काढला. म्हणलं काका, लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, मध्यमला ७७१०, पण सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं केंद्र उघडेपर्यंत व्यापारी काय देईल तेच. यंदा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी केली तरच सीसीआय घेणार, आणि आमच्या गावात पाऊस चालू असताना लाईट नाही, रेंज नाही, आबांची नोंदणी मी शेवटी सेलूला जाऊन करून आणली. त्यात बाहेरचा कापूस बिनड्युटीचा येणार म्हणल्यावर व्यापारी भाव पाडायला मोकळाच. मिलला आधार द्या, पण माझ्या बापाच्या ताटातून काढून का?

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणले, "मी कापूस घेतच नाही पोरा, मी सूत घेतो. ड्युटी उठली तेव्हा सुताचा भाव चांगला खाली येईल असं सगळे म्हणले, माझ्यापर्यंत काय पोचलं तर फार थोडं. तुझ्या आबांचं गेलं हे खरं असेल, पण ते माझ्याकडं आलं नाही."

हे ऐकून मला खरंच धक्का बसला. दीड महिना आम्ही दोघं दोस्त एकमेकांवर चिडत होतो, तो म्हणायचा तुमच्यासाठी ड्युटी ठेवून आम्ही मरायचं का, मी म्हणायचो तुमच्यासाठी आम्ही मरायचं का, आणि ज्याच्या नावानं सवलत दिली त्या माणसाच्या हातातच ती आली नाही.

काका पुढं म्हणले ते मी तसंच लिहितो. "देशासाठी सोसू की, नाही कोण म्हणतंय. अमेरिकेसमोर मान खाली घालायची नाही हे मलाही पटतंय. पण माझा बँकेचा हप्ता देशासाठी थांबतोय का?"

निघताना मागावरच्या एकाशी बोललो. नगावर पगार, माग बंद तर पगार बंद. बायको विड्या वळते, सध्या घर विडीवर चाललंय म्हणला.

रविवार

चाटी गल्लीत दिवाळीची खरेदी म्हणावी तशी नव्हती. एका दुकानदारानं दोन चादरी समोर टाकल्या आणि ओळखा म्हणला. मला काय ओळखता येणार. एक सोलापूरची, दुसरी पानिपतकडून आलेली, सोलापुरी नावानं विकली जाणारी. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं, टेरी टॉवेललाही आहे, तरी हे चालतंय. त्याचं म्हणणं, अमेरिका तर आत्ता आली, आमचं मार्केट आपल्याच देशातल्या लोकांनी आधीच खाल्लंय. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद नको म्हणून सांगितलं, त्याचा त्याला अभिमान होता, तसं त्यानं दोनदा बोलून दाखवलं, पण म्हणला घरातल्या घरात एकमेकांचं नाव वापरून माल खपवायचा हे कोण थांबवणार? स्वदेशी घ्या म्हणून भाषण होतं, स्वदेशीत सोलापूर कुठं आणि पानिपत कुठं हे कोणी बोलत नाही.

नंतर चार हुतात्मा चौक. इथं मी जरा जास्त वेळ थांबलो. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, मग मार्शल लॉ. गिरणी कामगार त्यात मोठ्या संख्येनं होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्स्प्रेस यांच्याच नावाची. एकजूट असा शब्द टीव्हीवर ऐकला की मला आजकाल राग येतो, इथं तसं झालं नाही, कारण या चौघांत असं नव्हतं की तिघं बाजूला उभे आणि एकानंच सोसायचं.

संध्याकाळी दोस्ताच्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला, तो कॅनडात कॅलगरीला, अल्बर्टा प्रांतात असतो. टॅरिफचा विषय निघाल्यावर तो म्हणला आमच्याकडं तर वर्षभर हेच चाललंय. जानेवारीत सगळ्या प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांची ओटावाला बैठक झाली, अमेरिकेला एकत्र उत्तर द्यायचं ठरलं, आणि अल्बर्टाच्या मुख्यमंत्री डॅनियल स्मिथ यांनी एकत्र निवेदनावर सही करायला नकार दिला. कारण तेल. उत्तर म्हणून तेलाची निर्यात रोखायची किंवा त्याच्यावर कर लावायचा हा पर्याय बाकीचे खुला ठेवत होते आणि तेल बहुतेक अल्बर्टाचं. तिकडं ओंटारिओचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी मार्चमध्ये अमेरिकेला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के जादा आकार लावला आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतला, दुकानांतून अमेरिकेची दारू काढून टाकली, लोकांना ते आवडलं. अल्बर्टाला मात्र खूप लोकांनी गद्दार म्हणलं.

मी विचारलं तुला काय वाटतं. तो म्हणला मी तिथं तेलाच्या कंपनीतच आहे, मला माझी नोकरी दिसते, पण माझे ओंटारिओतले मित्र गाड्यांच्या कारखान्यात आहेत, टॅरिफ त्यांच्यावर जास्त बसलं, तेलावर १० टक्केच होतं आणि बाकी बऱ्याच मालावर २५. १९८० मध्ये केंद्रानं नॅशनल एनर्जी प्रोग्राम आणून अल्बर्टाचं तेल स्वस्तात देशाला द्यायला लावलं, ते लोक अजून विसरले नाहीत, वेगळं व्हायची भाषा करणारे त्याच्यावरच उभे आहेत.

मला लगेच आपला कांदा आठवला. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, शहरात भाव वाढू नये म्हणून, आणि ती चालू असतानाच एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. लोकसभेची धामधूम होती, आमच्याकडं आणि नाशिककडं लोक किती भडकले होते. देश एक आहे, मग कांदा दोन कसे?

रात्री झोप लागली नाही. मी अल्बर्टाची बाजू घ्यावी का ओंटारिओची, हे मला ठरवता येईना, कारण कापसाच्या बाबतीत मी अल्बर्टा आहे आणि टॉवेलच्या बाबतीत माझा दोस्त ओंटारिओ. एक मात्र पक्कं वाटलं. भांडण बाहेरच्याशी असेल तर घाटा सगळ्यांत वाटून घ्यायचा हिशोब आधी मांडला पाहिजे, नंतर एकजुटीचं आवाहन. आपल्याकडं आवाहन आधी येतं आणि हिशोब ज्याचा आवाज लहान त्याच्या नावावर लिहिला जातो.

सोमवार, कोजागिरी

अक्कलकोटला स्वामींचं दर्शन पटकन झालं, गर्दी कमी होती. तिथून दुधनीला गेलो, अगदी कर्नाटकाच्या काठावरचं गाव, पलीकडं अफजलपूर तालुका, कलबुर्गी जिल्हा. दुकानांच्या पाट्या मराठीत, बोलणं जास्त करून कन्नडमध्ये.

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी सोलापूर आणि अक्कलकोटवर हक्क सांगितला तेव्हा या भागात केवढा गदारोळ झाला होता, बसला काळं फासलं, एसटी बंद. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाचा तो दाखला देतात, आपण तो मानत नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय. तालुक्यातल्या काही गावांनी तेव्हा आम्हाला कर्नाटकात जायचंय म्हणून ठराव केले. मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं, चीडही आली होती. इथं एका आडत दुकानात बसलो आणि एका वयस्कर शेतकऱ्यांना विचारलंच, काका, तुम्हाला खरंच तिकडं जायचं होतं का? ते म्हणले, "रस्ता पाहिजे होता. इकडचा देत नव्हता म्हणून तिकडच्याचं नाव घेतलं."

ते तूर लावतात. पलीकडं कलबुर्गीची तूर तर प्रसिद्धच, तिला जीआय पण आहे, आणि पलीकडचे शेतकरी तूर विकायला इकडं दुधनीच्या बाजारात येतात. जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून मालाला नाक्यावर अडवणं गेलं, गाडी सरळ येते. तुरीचा हमीभाव यंदा ८००० आहे आणि बाहेरून, म्हणजे म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून बिनड्युटीची तूर आणायला मार्च २०२६ पर्यंत मुभा आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघांचाही भाव एकाच कागदानं पडतो. बेळगाव आमचं आहे असं मी मानतो आणि मानत राहणार, पण त्या दुकानात बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन शेतकऱ्यांकडं बघून मला वाटलं, मुंबई आणि बंगळूरनं या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं, दिल्लीसमोर एकत्र उभं राहायला कोणीच सांगितलं नाही.

परत येईपर्यंत रात्र झाली. शहरातून तुळजापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर माणसांचा लोंढा, बहुतेक कन्नड बोलणारे, 'आई राजा उदो उदो' मात्र मराठीत. दोस्ताच्या गल्लीतल्या पोरांनी मांडव टाकून पाणी, चहा, पुलाव ठेवला होता. मी पण वाटायला उभा राहिलो. एक आजी बसल्या, चप्पल काढली तर टाचेला फोड आलेला, शेजारच्या दवाखान्यातला एक मुलगा खाली बसून मलम लावत होता आणि त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या. त्याला कन्नड येत होतं का माहीत नाही, तो नुसता हो आजी, हो आजी म्हणत होता.

घरी दूध आटवून ठेवलेलं. गच्चीवर काका, दोस्त आणि मी, वही घेऊन बसलो. काकांनीच सुचवलं की दोघं मिळून खासदारांना पत्र लिहू. ड्युटीची सवलत ३१ डिसेंबरला संपतीय. काकांचं मत, टॅरिफ आहे तोवर ती राहावी. माझं मत, कापूस निघतोय तोवर ती काढावी. यावर तासभर वाद झाला, आवाज चढले, काकूंनी खालून विचारलं काय झालं म्हणून. शेवटी ज्यावर तिघांचं जमलं तेवढंच लिहायचं ठरलं.

मंगळवार

पहाटे उठून मार्केट यार्ड. सोलापूरचा कांदा बाजार केवढा मोठा आहे हे ऐकून होतो, बघितलं नव्हतं. गोण्यांच्या रांगा, इथल्या तालुक्यांतल्या आणि विजापूर, कलबुर्गीकडच्याही. माल मात्र बराच भिजलेला, हातात घेतला की वरचं पान ओलं लागायचं. मोहोळकडचा एक शेतकरी भेटला, सीनेचं पाणी शेतात शिरलं त्यातून जेवढा वाचला तेवढा आणलेला. पुकारा झाला, हिशोबाची पट्टी हातात आली, त्यानं नुसती घडी घालून खिशात ठेवली. किती आले विचारायची माझी हिंमत झाली नाही, त्यानंच सांगितलं, गाडीभाडं निघालं नाही. आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बांगलादेश, ते त्यांच्या शेतकऱ्यांसाठी आपला कांदा मध्येच थांबवतात, आणि आपण आपल्या गिऱ्हाइकासाठी आपल्याच शेतकऱ्याचा थांबवला होता. एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क शून्य केलंय, पण तोवर बाहेरच्यांनी दुसरी दुकानं शोधली.

कडक भाकरी आणि चटणी काकूंनी आबांसाठी बांधून दिली, काकांनी चार टॉवेल. पत्र सोलापूर आणि परभणीच्या खासदारांना, दोघांना एकच. मजकूर असा: कापसावरची सवलत पुढं वाढवायची असेल तर हमीभावापेक्षा जेवढं कमी मिळेल तेवढी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर द्यावी आणि सीसीआयची केंद्रं दिवाळीआधी उघडावीत. सवलतीचा फायदा सुताच्या भावात किती उतरला ते दर महिन्याला जाहीर करावं. टॅरिफ असेपर्यंत लहान माग कारखान्यांच्या कर्जाचे हप्ते पुढं ढकलावेत, आणि बंद पाळीच्या कामगाराला निर्वाह भत्ता द्यावा. खाली काकांची तेलुगू वळणाची सही आणि माझी. आबांच्या सहीसाठी जागा मोकळी ठेवलीय, गावात गेल्यावर ती घेऊन उद्या परभणीच्या पोस्टातून दोन्ही पाकिटं टाकतो.